पिंपरीची माती

छोट्या महाविद्यालयात पाहुणे व्याख्याते येणार म्हटले की निम्मा वेळ शाल, श्रीफळ आणि प्रास्ताविकात जातो. शिवाय 'नॅक'च्या फाइलसाठी फोटो हवेतच. तरीही बोलावणे आले की आमच्या उर्दू शाळेतल्या दहावीच्या मुलींना मी घेऊन जाते. चाकणच्या बाजूला एका महाविद्यालयात मातीतल्या सूक्ष्मजीवांवर व्याख्यान झाले, ते मात्र ऐकण्यासारखे होते.

पहिल्या पावसात मातीचा वास सुटतो, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंमुळे. दिसायला बुरशीसारखे, पण जिवाणूच. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन यांच्यापासूनच मिळाले. पाहुण्यांनी पुढे सांगितले की, यांच्यातल्या एका जातीचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना आहे. आपल्या पिंपरीवरून! मुली एकमेकींकडे पाहू लागल्या.

1954 साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आपण पेनिसिलिनची कंपनी म्हणून ओळखतो. बुरशीच्या रोगांवर पेनिसिलिन चालत नाही. तिथल्याच डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी या जिवाणूपासून बुरशीवरचे हॅमायसिन शोधले. 1961 मध्ये कंपनीच्याच बुलेटिनात त्याची माहिती छापून आली.

हे सारे इंग्रजीत चालले होते. शेवटी आमची एक मुलगी उठली. "सर, ये जरासीम हमारे स्कूल के मैदान में भी मिलेंगे?" हॉल हसला. शब्दाला हसला की उर्दूला, कोण जाणे. पाहुणे हसले नाहीत. म्हणाले, चमचाभर माती घेऊन या. पाण्यात कालवायची, ते पाणी अनेक पट पातळ करून अगरच्या प्लेटवर पसरायचे आणि आठवडाभर वाट पाहायची.

दहावीपर्यंत उर्दूत शिकलेली मुलगी अकरावी सायन्सला गेली की एका सुट्टीत तिची विज्ञानाची भाषा बदलते. खलियाचा सेल होतो, खुर्दबीनचा मायक्रोस्कोप. इल्म तोच, पण नावे गेली की तिला वाटते, आपल्याला काहीच येत नाही. मग हुशार मुलीही मुकाट्याने आर्ट्सचा फॉर्म भरतात. आपण बाहेरचे लोक 'मुसलमान मुलींना शिकवत नाहीत' म्हणतात म्हणून चिडतो, या शब्दांची सोय मात्र कोणी करत नाही. मी आता फळ्यावर खलिया, पेशी, सेल शेजारी शेजारी लिहिते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आठव्या दिवशी प्लेटवर खडूच्या भुकटीसारखे पांढरे ठिपके उगवले. झाकण उघडायची परवानगी नव्हती. तिने वरूनच मोजले आणि वहीत उर्दूत लिहिले. तिच्या अब्बांची कंपनीत रात्रपाळी असते. रविवारी घरी जाऊन त्यांच्याशी अकरावीचे बोलायचे आहे.