ताळा

दीड वर्ष मी कंपनीच्या बसमध्ये बसून एका आकाशगंगेवर राज्य केलं. पहिल्या पाळीची बस चिंचवडगावात चाफेकर चौकात पावणेसहाला येते. डाव्या बाजूची, मागून तिसरी खिडकी माझी. भोसरीपर्यंत पेंग, मोशीला जाग, इंद्रायणीचा पूल ओलांडला की वही बाहेर. चिंबळी फाटा ते कुरुळी या टप्प्यात ट्रेलरांची रांग लागली की बाकीच्यांचा जीव खालीवर व्हायचा, मला मात्र आणखी एक पान मिळायचं. माझी कित्येक अंतराळयुद्धं चाकणच्या ट्रॅफिकमध्ये लढली गेली आहेत.

कंपनीत मी आवक मालाच्या तपासणीत आहे. पुरवठादाराकडून सुटे भाग आले की त्यांतले नमुने उचलायचे, गेज लावायचा, रिपोर्ट भरायचा आणि शिक्का मारायचा. शिक्के तीन: ओके, रिजेक्ट आणि ‘डेव्हिएशनवर ओके’. तिसरा म्हणजे मापात थोडं इकडंतिकडं आहे, पण लाइन थांबवायची नाही, तेव्हा या वेळेपुरतं घ्या. दिवसभर दुसऱ्याच्या मालातल्या चुका काढणाऱ्या बाईला स्वतःच्या लिखाणातली चूक दिसत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

कादंबरी एका राजघराण्याची होती. सात ग्रहांवर सत्ता, शेजारच्या तारामंडळाशी महायुद्ध, त्यात थोरला राजपुत्र पडतो आणि धाकट्याला गादीवर बसवतात. युद्धाला नऊ प्रकरणं, पुढच्या कारभाराला दोन. युद्ध लिहायला मजा येत होती, हे त्यामागचं खरं कारण.

वही पहिल्यांदा वाचली ती स्टोअरच्या काकांनी. काका मूळचे चाकण गावातले, घर संग्रामदुर्गापासून हाकेच्या अंतरावर. वाचनाचा नाद असा, की पार्टभोवती गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा कागदही सरळ करून वाचणार. कँटीनमध्ये माझी वही दिसली आणि ते म्हणाले, “मॅडम, द्या की बघायला.” आठ दिवसांनी वही परत आली. समासात पेन्सिलीने, स्टोअरच्या त्याच बारीक अक्षरात:

“प्रकरण २ : एकूण जहाजे ४००. प्रकरण ७ : नष्ट २६०. प्रकरण ९ : परत आली १९०. जादा ५० कुठून?”

“इंधन उधारीवर घेतले काय? फेडले कोणी?”

“मेलेल्यांच्या घरी कळवले का?”

आणि शेवटच्या पानावर, खाली रेघ मारून : “ताळा लागत नाही.”

मला रागच आला. म्हटलं, “काका, ही कादंबरी आहे, स्टॉक स्टेटमेंट नव्हे.”

“असू दे ना,” काका म्हणाले. “पण युद्धात माल जातो का नाही? गेलेला माल कुठल्या तरी खात्यावर टाकावा लागतो. तुम्ही कुठल्या टाकला?” मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “आमचा किल्लाच घ्या. सोळाशे साठ साली शाइस्तेखानाचा वेढा पडला, फिरंगोजी नरसाळा पन्नासाच्या वर दिवस लढला. सगळे फिरंगोजीचं नाव घेतात, घ्यायलाच पाहिजे. पण पन्नास दिवस लढला म्हणजे पन्नास दिवसांचं धान्य आत होतं. ते भरून ठेवणारा कोण होता?”

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये वही उघडलीच नाही.

मी लिहीत होते त्या प्रकाराला इंग्रजीत ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. विल्सन टकर या अमेरिकन लेखकाने १९४१ मध्ये हे नाव दिलं ते चक्क हिणवण्यासाठी. रेडिओवरच्या रडक्या कौटुंबिक मालिकांना साबणाच्या कंपन्या पैसे पुरवत, म्हणून त्या ‘सोप ऑपेरा’. तसलाच घिसापिटा मसाला अंतराळयानात भरला की ‘स्पेस ऑपेरा’. पुढे शिवीचं बिरुद झालं आणि ‘ड्यून’सारखी, घराण्यांच्या वैरावर उभी राहिलेली कादंबरी १९६५ मध्ये आली. मराठीत विज्ञानकथा भरपूर, पण हा प्रकार फारसा रुजला नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. माझ्या नावाला वजनच नाही, तरी वहीवर मीही नाव घातलं नव्हतं. का, ते काकांच्या पेन्सिलीने दाखवून दिलं.

आयझॅक असिमॉव्हने ‘फाउंडेशन’साठी रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास समोर ठेवला होता. मी विचार केला, आपल्याला रोम कशाला हवं? महायुद्धानंतरचं राजघराणं माझ्या बसथांब्यापासून वीस किलोमीटरच्या आत शनिवारवाड्यात राहत होतं. शाळेत पानिपताचा धडा १४ जानेवारी १७६१ ला संपायचा. माझी कादंबरी तिथूनच सुरू व्हायला हवी होती.

मग वाचायला घेतलं, आणि काकांचा एकेक शेरा समोर उभा राहिला.

घरी कळवलं का? कळवलं, पण कसं! नानासाहेब पेशवे सदाशिवरावभाऊंच्या मदतीला उत्तरेकडे निघाले होते. वाटेत पैठणला त्यांनी आणखी एक लग्न केलं. ते डिसेंबर १७६० अखेरचं. तिकडे पानिपतावर फौज उपाशी होती आणि इकडे त्याची पुरती खबर नव्हती. पराभवाची बातमी आली ती एका सावकारी पत्रातून, आणि तीही नाण्यांच्या भाषेत. दोन मोती म्हणजे नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे मोजदाद न झालेले बाकीचे सगळे. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अ, ब, क वर्गवारी. महागाचा माल नगावर मोजायचा, किरकोळ वजनावर. आम्ही आजही तेच करतो की.”

प्रकाशवर्षांच्या अंतरावरून संदेश पोचायला लागणारा उशीर दाखवायचा म्हणून मी कसली कसली यंत्रं शोधून काढली होती. इथे एक घोडेस्वार पुरेसा होता.

उधारी फेडली कोणी? नानासाहेब १७६१ च्या जूनमध्ये पर्वतीवर वारले. जुलैत त्यांच्या मुलाला, माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, वय सोळा. वाट्याला आलं ते कर्ज, चाल करून आलेला निजाम आणि राघोबादादा हा काका. १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि हरलेला पुतण्या स्वतःहून काकाच्या छावणीत गेला. पुढे त्याने राज्य सावरलं, उत्तरेत पुन्हा दरारा बसवला. पण क्षयाने खंगत मरायला टेकला तेव्हाही शेवटच्या इच्छांच्या यादीत कर्ज फेडण्याचं कलम होतंच.

आणि घरातल्या बायका? माझ्या कादंबरीतली राणी नऊ प्रकरणांत दोनदा खिडकीशी उभी राहते, बस. इथे नानासाहेबांच्या गोपिकाबाई होत्या, ज्यांनी विश्वासराव, माधवराव, नारायणराव असे तिन्ही कर्ते मुलगे आपल्या हयातीत गमावले. भाऊसाहेबांच्या पार्वतीबाई होत्या, ज्यांनी नवरा गेला हे कधी मानलंच नाही. त्यात भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला. लोक त्याच्यामागे गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहांत शासन होईपर्यंत ते प्रकरण मिटलं नाही. ही कथा मी रचली असती तर कोणीही म्हणालं असतं, “जरा अतीच होतंय.”

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. अशाच एका गुरुवारी थेऊरला गेले. तिथलं चिंतामणीचं देऊळ बांधलं ते आमच्या चिंचवडच्या मोरया गोसावींच्या घराण्यातल्या चिंतामणी महाराजांनी, म्हणजे तसं पाहिलं तर माहेरचंच. आडवारी गर्दी नव्हती. लाकडी सभामंडपात एक आजी वाती वळत बसल्या होत्या. माधवरावांनी अखेरचे दिवस इथे देवाजवळ काढले. १८ नोव्हेंबर १७७२ ला ते गेले तेव्हा वय सत्तावीस. आमच्याकडचे अॅप्रेंटिस पोरगे कायम होईहोईतो एवढ्या वयाचे होतात. नदीकडे गेलं की त्यांच्या पत्नी रमाबाईंचं स्मारक आहे. त्या सती गेल्या. त्या दगडापुढे हात जोडावेत की नाही हे मला ठरवता आलं नाही. नुसती उभी राहिले, आणि माझी राणी खिडकीतून हलली पाहिजे एवढं नक्की केलं.

परत आल्यावर नऊ प्रकरणं काढून टाकली. जड गेलं, पण आख्खा लॉट रिजेक्ट करायची सवय हाताला होती. आता कादंबरी युद्ध संपल्यावर सुरू होते. राजधानीच्या ग्रहावर महालात लग्न आहे, रोषणाई चालली आहे. कोठाराच्या तळघरात एक म्हातारा भांडारी रात्रपाळीला आहे. त्याच्याकडे मालाची एक यादी येते : हरवलेलं अमुक, फुटलेलं तमुक. ती यादी मालाची नाही, हे साऱ्या महालात एकट्या त्यालाच वाचता येतं. वर सनई वाजते आहे, आणि जिना चढायचा की नाही हे त्याला ठरवायचं आहे.

काका गेल्या महिनाअखेरीला निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी ते पहिलं प्रकरण त्यांच्या हातात दिलं, या वेळी वर माझं नाव घालून. दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळ, फोटो, भाषणं सगळं उरकलं. मग काकांनी गेटपाशी मला थांबवलं आणि पिशवीतून कागद काढून दिले. समास कोरे. मी पानं उलटत गेले, कुठेच काही नाही. शेवटच्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे आमचा शिक्का पडतो तिथे, पेन्सिलीने लिहिलं होतं :

“डेव्हिएशनवर ओके. लग्नाचा खर्च दाखवलेला नाही.”