बर्फवाटेवर वयाला साजेशी स्की

ओस्लोला हिवाळ्यात जाण्याचा योग आला, तर शहराच्या मध्यभागातून एक क्रमांकाच्या मेट्रोत बसा आणि अखेरच्या स्थानकापर्यंत जा. डोंगर चढत चढत ही गाडी होल्मेनकोलेनच्या बाजूने जाते आणि समुद्रसपाटीपासून ४६९ मीटर उंचीवर, फ्रोग्नरसेटेरेनला थांबते. डब्यात आपल्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजी बसलेल्या दिसतील. हातात लांब, अरुंद स्कीची जोडी, पाठीवरच्या पिशवीत चहाचा थर्मास. स्थानकाबाहेर येताच त्या स्की पायांत अडकवतात आणि नॉर्डमार्काच्या जंगलात दिसेनाशा होतात. जंगलातल्या वाटांवर १८८३ साली स्थापन झालेली स्की-संघटना यंत्राने दोन समांतर चरे आखून ठेवते. त्या चऱ्यांतून संथ, लयीत घसरत चालायचे. हा उड्या मारण्याचा खेळ नव्हे. नॉर्वेत जन्मलेले आणि आयुष्याचा मोठा भाग कॅनडात घालवलेले हर्मन स्मिथ-योहान्सन शंभरी उलटल्यावरही स्की करीत आणि १९८७ साली वयाच्या १११व्या वर्षी वारले. असे दीर्घायुष्य अपवादानेच लाभते, पण सत्तरीतले स्कीकर येथे नवलाचे नाहीत.

याच देशाची दुसरी बाजूही आहे. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ज्या देशांत जगात सर्वाधिक आढळते, त्यांत नॉर्वे गणला जातो. म्हणून इथल्या घरांत दर हिवाळ्याच्या तोंडाशी एक नाजूक प्रश्न उभा राहतो: आजोबांनी स्की करावी की नाही? माझ्या मते हा प्रश्न बहुधा चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. आधी विचारायला हवे ते हे, की आजोबांची स्की आजच्या आजोबांची आहे, की वीस वर्षांपूर्वीच्या?

ही स्की मधोमध किंचित कमानदार असते. दोन्ही पायांवर उभे असताना कमान बर्फापासून वर राहते आणि स्की घसरते. एका पायावर पूर्ण भार दिला की कमान दबते, मधला भाग बर्फाला टेकतो आणि पकड मिळते. कमान किती ताठ हवी, हे वापरणाऱ्याच्या वजनावर आणि पायातल्या जोरावर ठरते. वयाबरोबर स्नायू झिजतात, वजन उतरते, पण कमान तेवढीच ताठ राहते. मग चढावर पाय मागे सरकू लागतो आणि माणूस समजतो की आपल्यातली शक्ती संपली. खरे तर दाबली जात नाही ती कमान.

याची परीक्षा घरातच करता येते. सपाट फरशीवर स्की ठेवून दोन्ही पायांवर उभे राहा आणि कुणाला तरी पावलाखालून कागद सरकवायला सांगा. तो सहज सरकला पाहिजे. मग सारा भार एका पायावर घ्या, अर्थात हाताशी भक्कम आधार ठेवून. आता कागद अडकला पाहिजे. अडकत नसेल, तर स्की कितीही चकचकीत असो, ती आपल्यासाठी जुनी झाली. अशा वेळी मऊ कमानीची, थोडी रुंद जोडी घ्यावी. तळाला मोहेअरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची, पट्टी असलेली स्की मिळते; मांजराच्या अंगावरून हात फिरवावा तशी ती पुढे मऊपणे घसरते आणि मागे अडते. दर वेळी वाकून मेण चोळण्याचे कष्टही वाचतात, आणि दुखऱ्या कमरेला ते मोलाचे.

काठ्यांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मणक्यांमधल्या चकत्या चपट्या होऊन उतारवयात उंची घटते. काठी मात्र पूर्वीच्याच मापाची राहते. बर्फात टेकवल्यावर काठीची मूठ साधारण खांद्याशी यावी. त्याहून वर जात असेल, तर प्रत्येक पावलाला खांदा उचलावा लागतो आणि संध्याकाळी मान आखडते. (आपल्याकडच्या चालण्याच्या काठीचेही तेच. वडिलांची काठी मुलाकडे येते, पण हात मोकळा सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी येते का, हे क्वचितच कुणी पाहते.)

बूट मात्र वयाने नव्हे, स्वतःच्याच गतीने म्हातारे होतात. जपून ठेवलेल्या जोडीचाही तळ वर्षांनंतर ठिसूळ होऊन वाटेतच सुटू शकतो. हंगामापूर्वी तळ हाताने वाकवून पाहा. भेग दिसली की बदला. जुन्या तीन खुंट्यांच्या पकडीत नवे बूट बसत नाहीत, तेव्हा बूट बदलताना पकडीचाही खर्च धरावा.

जवळच्या ट्रिवानच्या उतारावर, जिथे पाळण्याने वर जाऊन वेगाने खाली यायचे, तिथला नियम आणखी स्पष्ट आहे. पडताना बूट स्कीपासून सुटावा म्हणून पकडीचा जोर उंची, वजन, बुटाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवतात. वय पन्नास किंवा त्याहून अधिक असेल, तर तक्त्यात तो एक पायरी खाली आणतात. दुकानात वय विचारले की खरे सांगा. तिथे तरुण दिसण्यात पायाच्या हाडाचा तोटा आहे. नवी जोडी घेण्याआधी एक-दोन दिवस भाड्याची वापरून पाहावी. हेल्मेटला जोराचा आघात बसला असेल, तर वरून ते धड दिसले तरी बदलावे. हाडे ठिसूळ असतील, चक्कर येत असेल किंवा हृदयाचा विकार असेल, तर खरेदीआधी डॉक्टरांशी बोलावे.

कधी बदलण्यापेक्षा भर घालणे पुरते. स्थानकापर्यंतच्या निसरड्या रस्त्यासाठी बुटांखाली अडकवायचे लोखंडी काटे, आणि दृष्टी मंदावली असेल तर कपाळावरचा दिवा. नॉर्वेतल्या हिवाळ्यात दुपारीच अंधारू लागते.

आणि स्की खरोखरच झेपेनाशी झाली, तर? रोरोससारख्या गावात आपल्याला ‘स्पार्क’ दिसेल: पोलादाच्या दोन लांब पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. मागे उभे राहून मूठ धरायची, एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने ढकलायचे. रस्त्यावर खडी टाकली असेल तिथे ती चालत नाही, एवढी तिची अडचण. एरवी दमल्यावर तिच्यावर बसता येते, आणि परतताना त्याच खुर्चीवर किराण्याची पिशवी घरी येते.