मुळशीच्या खोऱ्यात रेंज शोधताना

मुळशीला लोक जातात ते पावसाळ्यात. ताम्हिणीचे धबधबे पाहायचे, भाजलेले कणीस खायचे, शे-दोनशे फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे. आम्ही गेलो ते २०२५ च्या नोव्हेंबरात, भाताची कामे चालू असताना. निमित्त होते आत्याच्या सुनेचे, म्हणजे आमच्या वहिनीचे एक काम. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये तिला मिळत होते. २०२५ मध्ये त्यासाठी ई-केवायसी करा, असे सांगणे आले. आपला आधार क्रमांक भरायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा. मग नवऱ्याचा आधार क्रमांक आणि त्याच्या मोबाईलवरचा ओटीपी. शहरात दहा मिनिटांचे काम. वहिनीने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा ते अर्ध्यावरच राहिले. शेवटी आत्याचा फोन आला, "बाळा, तुझी पोरगी शिकलेली हाये. तिला घेऊन ये एकदा."

तेव्हा आम्ही उभयता, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आठवीतला मुलगा, असे चौघे निघालो. पिशवीत आत्यासाठी लुगडे, मुलांसाठी खाऊ, आणि मुलीच्या सांगण्यावरून एक चार्जर आणि एक पॉवर बँक.

एकाच तालुक्यात

स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे कोकणात जाणारी एस.टी. पकडली. चांदणी चौक सोडला की भूगाव, भुकूम, मग पिरंगुट. जिथे पूर्वी शेते होती तिथे आता इमारती आणि कारखाने. रस्त्याकडेला मोबाईलची दुकाने. एके काळी किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत, तशा आता मोबाईलच्या कव्हरांच्या माळा लटकतात. आत काचा बदलणे, बॅटरी बदलणे, रिचार्ज मारणे, सगळे एका टेबलावर.

आमच्या पुढच्या बाकावरचा एक तरुण रील मोठ्या आवाजात लावून बसला होता. कंडक्टर म्हणाले, "कानात घाल की रे बाबा." त्याने ऐकले नाही. पौड गेले, माले गेले, आणि गाडी धरणाच्या वरच्या अंगाला लागली तसा आवाज तुटक होत होत आपोआप बंद पडला. रेंज गेली होती. गाडीत हशा पिकला.

हसण्यासारखीच गोष्ट आहे, पण विचार करण्यासारखीही आहे. ज्या हिंजवडीत मोठमोठ्या कंपन्यांत बसून आपली मुले संगणकाचे आणि मोबाईलचे प्रोग्रॅम लिहितात, ती हिंजवडी याच मुळशी तालुक्यात आहे. माण आणि मारुंजीही याच तालुक्यातली. तालुका एक, तहसील कचेरी एक, पौडला. एका टोकाला बसून पडद्यावर बोट फिरवले की जेवण दारात येते, आणि दुसऱ्या टोकाला सरकारी कामाचा एक ओटीपी यावा म्हणून टेकडी चढावी लागते.

विजेच्या बाबतीतही असेच झाले होते. मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली सेनापती बापट आणि इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झाले आणि पन्नासहून अधिक गावांची जमीन पाण्याखाली गेली. हे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला खाली कोकणात सोडतात, आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात त्याची वीज होते. ती वीज मुंबईला गेली. ज्यांच्या खाचरांवर पाणी चढले त्यांच्या घरात मात्र कितीतरी वर्षे रॉकेलची चिमणीच जळत राहिली. आत्या या घरात लग्न होऊन आली तेव्हाही चिमणीच होती.

निरोपाला लागलेला दिवस

जुन्या वाचकांना आठवत असेल, भारतातला पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आपल्यासारख्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. आपला संबंध एस.टी.डी. बूथच्या पिवळ्या पाटीशी, आणि तीही गावात असली तर.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ मध्ये, आमची आजी आत्याच्या घरी वारली. गावात फोन नव्हता. आत्याने माणूस पाठवला. त्याची एस.टी. चुकली, पौडला रात्र काढावी लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या दापोडीच्या खोलीवर पोचला. आम्ही गेलो तेव्हा सगळे उरकले होते. आमच्या वडिलांना आईचे तोंड पाहायला मिळाले नाही. ही सल त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

म्हणून कोणी म्हणते, "गरिबाला कशाला हवा मोबाईल, चैन आहे नुसती," तेव्हा आम्हाला ते पटत नाही. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि टॉर्चवाला साधा फोन कामगाराच्या खिशात आला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. मोबाईल हा आपल्या घरात चैन म्हणून आला नाही, निरोप म्हणून आला.

खिळ्याला टांगलेला फोन

गाव जलाशयाच्या काठी. दारात पाऊल ठेवताच आत्याने "जय भीम" म्हणून पाणी पुढे केले. घरात नव्या भाताचा वास भरून होता. मुळशीचा आंबेमोहर ज्याने खाल्ला त्याला हा वास सांगायला नको.

खिडकीजवळच्या खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली दिसली. आत आत्याचा बटणांचा फोन. आम्ही विचारले, "आत्या, फोन असा का टांगलाय?" ती म्हणाली, "घरात रेंज हितंच येती. एक बोट हलवला की गेली." बोलायचे असेल तेव्हा आत्या खिडकीला कान लावून उभी राहते. फोन वाजला नाही तर मुलाची काळजी, वाजला तर धावपळ.

आमच्या मुलाचा चेहरा मात्र पडला होता. गेम चालेना. पहिले दोन तास तो फोन वर धरून अंगणात फिरला, मग कंटाळून खळ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी तो भाताच्या पेंढ्या झोडताना दिसला. फोन कुठे ठेवलाय याची त्याला शुद्ध नव्हती.

रेंज अशी का वागते, हे मुलीने आत्याला समजावून सांगितले. मोबाईलचा टॉवर रेडिओ लहरी सोडतो. मध्ये डोंगर आला की उन्हाची सावली पडते तशी लहरींचीही सावली पडते. हलक्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि अडथळ्याला थोडा वळसाही घालतात. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी माहिती पुष्कळ वाहून नेतात, पण लवकर दमतात. त्यामुळे खोऱ्यात कधी कधी फोन लागतो, पण इंटरनेट चालत नाही. आणि रेंज कमी असेल तेव्हा फोन टॉवर शोधण्यासाठी जास्त जोर लावतो, म्हणून बॅटरी भराभर उतरते. आत्या म्हणाली, "म्हंजी माणसासारखंच. लांबच्याला हाका मारून मारून दमतंय."

दगडावरची संध्याकाळ

गावाबाहेर चढावर एक मोठा दगड आहे. त्याच्यावर उभे राहिले की समोरची डोंगराची सोंड बाजूला होते आणि फोनवर रेघा दिसू लागतात. संध्याकाळी तिथे जत्राच असते. कोणी पोरगा परीक्षेचा फॉर्म भरतोय, कोणी पुण्यातल्या मुलीशी बोलतेय. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली तेव्हा गावातली मुले याच दगडावर बसून अभ्यास करत होती, असे वहिनी सांगत होती. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो पाठवायला पुन्हा या दगडावर यायचे.

आम्ही साडेचारला दगडावर पोचलो. दादा, म्हणजे वहिनीचे यजमान, पिरंगुटकडच्या एका कारखान्यात कामाला. तिथे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. साडेपाचला सुट्टी झाली की तो हातात येणार. म्हणजे वहिनीचा ओटीपी आणि दादांचा ओटीपी यांची गाठ त्यानंतरच पडणार. आधीचे प्रयत्न का फसले ते आता कळले. वहिनी दुपारी बसायची, आणि दुपारी दादांचा फोन बंद.

साडेपाच वाजले. दादांचा फोन लागला. मुलीने पान उघडले, आणि वहिनीचा फोन म्हणाला, बॅटरी चार टक्के. गावात दुपारपासून लाईट नव्हती. आम्ही ऐटीत पॉवर बँक काढली. पण आमची वायर नव्या पद्धतीची, टाइप-सी. वहिनीचा फोन जुना, त्याचे भोक वेगळे. वायर काही केल्या बसेना. युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना एकच टाइप-सी भोक असावे असा कायदा लागू झाला, तो का केला हे आम्हाला त्या दगडावर नीट उमगले.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आजीच्या फोनची वायर चालेल!" आणि उताराने धावत सुटला. धापा टाकत परत आला तेव्हा हातात आत्याच्या बटणांच्या फोनची वायर होती. ती बसली. सगळ्यात जुन्या फोनच्या वायरीने काम भागवले.

मग वहिनीचा ओटीपी आला. तो टाकला. पान गोल गोल फिरत राहिले आणि मुदत संपली. पुन्हा केले. या वेळी पुढे गेले. दादांनी त्यांचा ओटीपी वाचून दाखवला, मुलीने तो वहिनीलाच टाकायला लावला. वहिनीचे बोट थरथरत होते. काम झाल्याचा संदेश आला तेव्हा अंधार पडू लागला होता. वहिनी काही बोलली नाही. तिने पडदा पदराने पुसला आणि फोन कमरेला खोचला.

चार गोष्टी वहिनीसाठी आणि सर्वांसाठी

रात्री जेवताना कळले की याआधी बाजारात कोणी तरी हे काम करून देतो म्हणून दोनशे रुपये घेतले होते, आणि वहिनीचा पिनही कागदावर लिहून घेतला होता. मुलीचा घास हातातच राहिला. सकाळी पहिले काम केले ते पिन बदलण्याचे. ओटीपी आणि पिन म्हणजे घराची किल्ली. परक्याला द्यायची नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. प्रत्येक फोनचा एक पंधरा आकडी क्रमांक असतो, *#०६# दाबले की दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा. फोन हरवला तर २०२३ साली सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो.

इंटरनेट नसले तरी पैशाचा व्यवहार होतो, हे वहिनीला नवीन होते. ३० डिसेंबर २०१६ रोजी आलेल्या 'भीम' ॲपला डॉ. बाबासाहेबांचे नाव आहे हे आपल्याला माहीत असते. पण *९९# दाबून साध्या फोनवरूनही बँकेतली शिल्लक पाहता येते, हे फार जणांना माहीत नसते. त्यासाठी बोलण्यापुरती रेंज असली तरी पुरते.

रेंज नसेल तेव्हा फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, बॅटरी टिकते. उशीखाली ठेवून चार्जिंग करू नये, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तो फोन वापरू नये. आत्याने विचारले, "भिजला तर तांदळात घालायचा ना?" ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तेव्हा प्रश्न रास्तच. पण तांदळाचा बारीक कोंडा फोनच्या भोकात जातो. फोन बंद करून, पुसून, वाऱ्यावर वाळवावा आणि ओला असताना चार्जिंगला लावू नये. आंबेमोहर खाण्यासाठीच ठेवावा!

परत येताना

परतीच्या गाडीत आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या २४,६८० गावांत फोर-जी पोचवण्याची योजना मंजूर केली. ते चांगलेच आहे. पण टॉवर येईपर्यंत माणसाचा हक्क दगडावर का टांगावा? रेशन असो, पीक असो, बहिणीचे दीड हजार असोत, ज्या गावात रेंज नाही तिथे ग्रामपंचायतीत एक दिवस यंत्र आणि माणूस पाठवावा, कागदावरचा अर्जही घ्यावा. आणि आपणही हातावर हात ठेवून बसू नये. प्रत्येक घरातल्या शिकलेल्या मुलाने महिन्यातून एक रविवार गावी जाऊन एका बाईला तरी तिचा फोन तिच्या हाताने चालवायला शिकवावे. काम करून देऊन येऊ नये, शिकवून यावे.

डिसेंबरात वहिनीचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे दगडावरच होती. म्हणाली, "भावजी, शेजारच्या चौघींचं मी करून दिलं. नाही, चुकलं. त्यांनीच केलं, मी नुसती बाजूला उभी होते."