आजी, माईक चालू कर!

रविवारी संध्याकाळी आपली मेस बंद असते. अर्धं हॉस्टेल वडापावच्या गाडीवर असतं, उरलेलं मॅच बघत असतं, आणि मी मात्र गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून जोरजोरात ओरडत असतो, "आजी, माईक चालू कर! ज्याच्यावर तिरपी रेघ आहे ते दाब. लाल नको, लाल दाबू नको!" तेवढ्यात आजी लाल दाबतेच. मग पुन्हा फोन लावा, पुन्हा सगळं पहिल्यापासून! पहिल्या महिन्यात अनेकांचा समज झाला होता की मी गच्चीवर जाऊन कोणाशी तरी 'बोलतो'. वॉचमन काकांनी तर एकदा समजावूनही सांगितलं होतं. तर मंडळी, खुलासा असा की मी एका वेळी पाच जणींशी बोलतो आणि त्या सगळ्या सत्तरीच्या पुढच्या आहेत.

माझं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठापासून जवळच. आई-बाबा चाकणला, बाबांच्या कंपनीमुळे. मी दहावीपर्यंत आणि पुढेही आजी-आजोबांकडेच वाढलो. २०२० च्या मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा चालू होती. भूगोलाचा पेपर राहिला आणि लॉकडाऊन लागलं. तो पेपर नंतर रद्दच झाला, (त्यामुळे माझा भूगोल आजही कच्चा आहे!) आणि अकरावीच्या ऑनलाईन तासांसाठी आमच्या घरात पहिला स्मार्टफोन आला. त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. आजी गावच्या दिंडीत वर्षानुवर्षे चाललेली बाई. १ जुलैला, एकादशीच्या पहाटे, तिने टीव्हीवर महापूजा बघितली, हात जोडले आणि म्हणाली, "इट्टल दिसला रे. पर वाटंवरची मान्सं कुठं हायत?"

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. देव जवळून दिसला, गर्दी नाही, पाय दुखले नाहीत, अजून काय पाहिजे? असं वाटलं होतं.

२०२२ ला मी इथे आलो. २०२३ मध्ये आजोबा गेले. बाबांनी आजीला चाकणला नेलं, ती सतरा दिवसांत परत आली. "तिथं समदे दार लावून बसतेत. कुणाचं मेलं-जगलं कळत नाई." मग जुना स्मार्टफोन तिच्या हाती दिला आणि घरच्या ग्रुपमध्ये तिला घेतलं. आम्हाला वाटलं, झालं काम! त्या ग्रुपवर रोज फुलं, सूर्योदय, सुविचार, पुन्हा फुलं. एकदा सुट्टीत घरी गेलो तर आजी ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "समदे बोलायलेत रे हितं. माझ्याशी कोनीच नाई बोलायलं." मी ग्रुप उघडून बघितला. त्या दिवशी त्रेसष्ट मेसेज होते, आणि एकातही तिला उद्देशून एक शब्द नव्हता.

हे मी रूमवर सांगितलं तेव्हा जिंतूरचा रूममेट म्हणाला, "आमच्या आजीचं पण सेम." सेलूची एक वर्गमैत्रीण, पालमचा ज्युनिअर, मानवतचा मेकॅनिकलवाला, सगळीकडे सेम. मग २०२४ च्या आषाढात आम्ही ठरवलं, पाच आज्यांना एकमेकींशी जोडून द्यायचं. दर रविवारी साडेसहाला, व्हिडिओ कॉल, झूमवर. होस्ट मी.

पहिला कॉल आठवला की अजून हसू येतं. एका खिडकीत नुसतं कपाळ, एकीत पंखा, एकीत म्हशीचं शेपूट. मानवतच्या आजी फोन कानालाच लावून बसल्या होत्या. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "तुम्ही कोनाच्या?" त्यावर गावं, माहेरं, पाहुण्यांचे पाहुणे निघाले आणि वीस मिनिटांत सेलूच्या आजींची नणंद आमच्या शेजारच्या गावात दिलेली निघाली. रंगात आलं आणि बरोब्बर चाळीस मिनिटांनी कॉल बंद पडला! फुकटच्या झूमची मर्यादा. जिंतूरच्या आजींना वाटलं, आपण बोलताना कोणीतरी मुद्दाम फोन आपटला. त्या दोन रविवार आल्या नाहीत. नातवाला घरी जाऊन समजूत घालावी लागली.

तिसऱ्या रविवारी त्यांनी हरिपाठ म्हणायचं ठरवलं. पाच टाळ, पाच आवाज, एक हरिपाठ. वाचकहो, इथे आपलं इंजिनिअरिंग उघडं पडलं! पालमचा टाळ जिंतूरला पोचेपर्यंत जिंतूरवाल्या पुढच्या चरणावर, त्यांचा आवाज परत येईपर्यंत आमची आजी मागच्या चरणावर. पाच जणी पाच दिशांना. एकत्र ताल धरायला आवाजातला उशीर साधारण पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या आत लागतो. दहा मीटर लांबच्या माणसाचा टाळ हवेतून आपल्यापर्यंत यायला साधारण तेवढाच वेळ घेतो, म्हणून देवळात जमतं. व्हिडिओ कॉलवर हाच उशीर सहज दीडशे-दोनशेच्या वर जातो. बोलताना तो कळत नाही, गाताना सगळा विचका करतो. शिवाय ॲपमध्ये नको असलेला आवाज गाळायची सोय असते. त्या बिचाऱ्या सोयीला टाळ म्हणजे भांड्यांचा आवाज वाटतो, मग ती टाळ गिळून टाकते. मी सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साऊंड' चालू करून पाहिलं, टाळ ऐकू आला, पण उशीर कुठे जाणार? आजी वैतागून म्हणाली, "ह्यो हरिपाठ हाय का भांडन?"

उपाय सापडला तो जात्यावर. आमच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात आजीचं जातं आहे, आता फक्त लग्नात हळदीला पूजेपुरतं. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, त्यामुळे जातं म्हटलं की आमच्याकडे जनाबाई आणि तिला दळू लागणारा विठ्ठल ही गोष्ट लहानपणापासून ठरलेली. पण जात्यावरची ओवी ही एकीने म्हणायची, दुसरीने पुढची जोडायची, हे मला माहीत नव्हतं. ते कळलं इंटरनेटवर. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांच्या 'परी' या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या आवाजासहित प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. मी तो आवाज रविवारी कॉलवर लावला. सगळ्या खिडक्या गप्प झाल्या. रेकॉर्डिंग संपलं आणि मानवतच्या आजींनी, ज्या तोवर 'हाव' आणि 'नाई' यापलीकडे बोलल्या नव्हत्या, पुढची ओवी लावली. कोणी सांगितलं नव्हतं. मग सेलू. मग पालम. एकीचं संपलं की दुसरी, त्यामुळे उशिराचा प्रश्नच उरला नाही! एक ओवी तर आजीने म्हटली आणि म्हणाली, "ही माझ्या मायची हाय. चाळीस वर्सांत म्हनली नव्हती."

तेव्हापासून कॉल त्यांचा झाला. चाळीस मिनिटांनी तुटला की आपल्या आपण पुन्हा जोडतात. मंगळवारी, गुरुवारी व्हॉट्सॲपवर एकमेकींना परस्पर फोन करतात. सुनांविषयी काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

साहजिकच सहाव्या सेमिस्टरला सेमिनारचा विषय म्हणून मी हाच घेतला. 'व्हिडिओ कॉलमुळे वृद्धांचा एकटेपणा कमी होतो' असं पहिल्याच स्लाईडवर ठोकून दिलं. गाईड मॅडमनी विचारलं, "पुरावा?" शोधायला बसलो. कॉक्रेन या संस्थेने २०२० च्या मे महिन्यात नेमक्या याच प्रश्नावर आढावा घेतला होता. सगळं जग व्हिडिओ कॉलवर आलेलं असताना त्यांना निकषात बसणारे अभ्यास सापडले तीन! तिन्ही तैवानमधल्या वृद्धाश्रमांतले, मिळून २०१ माणसं. तीन महिन्यांनी एकटेपणात फारसा फरक दिसला नाही आणि पुरावाही अगदी कच्चा, असा त्यांचा निष्कर्ष. मी नाराज झालो. पण मग नीट वाचलं, तर त्यात म्हाताऱ्या माणसांना घरच्यांशी कॉल जोडून दिले होते. त्यांना आपल्यासारख्या चार जणी मिळाल्या नव्हत्या. २००९ मध्ये सुगाता मित्रांच्या कल्पनेतून निघालेल्या 'ग्रॅनी क्लाउड'मध्ये तर उलटा कारभार आहे, परदेशातले निवृत्त शिक्षक आणि आज्या स्काईपवरून आपल्याकडच्या मुलांशी गप्पा मारायच्या. तिथे आजी ही मदत घेणारी नव्हतीच, काम करणारी होती. मला वाटतं फरक इथेच असावा. मॅडमना ते पटलं की नाही ठाऊक नाही, मार्क मात्र बरे पडले.

आता खरी गोष्ट. ही मी लिहिणार नव्हतो.

कॉल सुरू होण्याआधी मी आजीला दर बुधवारी वेगळा फोन करायचो. कॉल जमल्यावर तो महिन्यातून दोनदा झाला, मग एकदा, मग बंद. आजीला आता मैत्रिणी आहेत, रविवारी दिसतेच, असा हिशोब. आणि रविवारीही मी काय करायचो? कॉल जोडून द्यायचो, स्वतः म्यूट व्हायचो आणि खिडकी लहान करून बाजूला जर्नल लिहायचो. सातव्या सेमिस्टरच्या सबमिशनच्या आठवड्यात लागोपाठ दोन रविवार आजीच्या खिडकीत नुसते छपराचे पत्रे दिसत होते. एरवी ती फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवते. मला वाटलं, अँगल चुकला. सांगूही नये वाटलं, आठ ड्रॉइंग शीट बाकी होत्या.

सोमवारी कँटीनमध्ये सेलूची मैत्रीण म्हणाली, "तुझ्या आजीचा हात कसा आहे रे आता?"

"कुठला हात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिची आजी, पालमच्या आजी, सगळ्यांना माहीत होतं. आजी न्हाणीत घसरून पडली होती. उजवं मनगट. पहिल्याच रविवारी तिने कॉलवर सांगितलं होतं, मी होस्ट असलेल्या कॉलवर, आणि वर म्हणाली होती, "लेकराची परीक्षा हाय, त्याला सांगू नका." मी तिथेच होतो. चाळीस मिनिटं.

जिंतूरच्या आजींनी त्या आठवड्यात रोज फोन करून तिला डॉक्टरकडे जायला लावलं होतं, प्लॅस्टर घातलं होतं, शेजारची काकू दोन वेळचं देत होती. बाबांनाही कळवलेलं नव्हतं. सगळी व्यवस्था झाली होती, माझ्याशिवाय.

रात्रीच्या एस.टी.ने गेलो. (रेक्टर सर, ती परवानगी न घेता गेलेली रात्र हीच.) सकाळी पोचलो तर आजी डाव्या हाताने अंगणात सडा टाकत होती. मला बघून पहिला प्रश्न, "पेपर बुडवून आलास का काय?" नाही म्हटलं. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. चहा मी केला. गूळ जास्त झाला होता, तिने मुकाट्याने पिला. नंतर म्हणाली, "फोन कामून नाई करत आता बुधवारी?" मी म्हटलं, रविवारी असतो ना मी. ती म्हणाली, "असतुस व्हय?"

मी रविवारपर्यंत थांबलो. सबमिशन उशिरा केलं, व्हायवाला त्याचं काय झालं ते आमच्या बॅचला माहीत आहे. संध्याकाळी साडेसहाला ओट्यावर दोघं बसलो, फोन डब्याला टेकवला आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं एका खिडकीत आलो. एकेक जण उगवत गेल्या. मानवतच्या आजी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ निरखत होत्या.

"ह्यो पोरगा कोन बसलाय वो तुमच्यापाशी?"

आजीने प्लॅस्टरचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "माझा नातू हाय. तिकडून म्यूट ऱ्हातो."