कुलूप आणि बोटे

‘कुलूप’ हा शब्द मुळात अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली. घर राखणाऱ्या वस्तूंची नावे परक्यांकडून घ्यावीत आणि ती परकी होती हे विसरून जावे, इतका विश्वास आपल्या भाषेने या शब्दांवर टाकला. ‘स्मार्ट लॉक’ला मात्र मराठीने अद्याप नाव दिलेले नाही. आमच्या दारावर ते बसल्यापासून विश्वासाचा हा प्रश्न आम्हांस वेगळ्या रीतीने पडू लागला आहे.

असे कुलूप घेताना दाराची जाडी, ते उघडण्याची दिशा, आधीच्या कुलपाची खाच हे सारे मोजावे लागते. दुकानदार मोजतो त्या सोयी: बोटाचा ठसा, आकडी संकेत, कार्ड, मोबाइल. आम्ही त्यापलीकडे एक यादी केली, ती हे दार उघडणाऱ्या हातांची. तीत आमचे हात होते, ऐंशी ओलांडलेल्या आईचे होते आणि सोळा वर्षे घरकामाला येणाऱ्या मावशींचे होते. त्यांच्या बटव्यात आमच्या घराची किल्ली तितकीच वर्षे राहिली आहे.

आई आणि मावशी दोघींनाही आम्ही दुकानात घेऊन गेलो. आईचा ठसा पाचव्या प्रयत्नाला उमटला. मावशींचा उमटलाच नाही. त्यांना त्याचे नवल वाटले नाही. रेशनच्या दुकानातही असेच होते, एवढेच त्या म्हणाल्या. पाणी, साबण आणि घासणी यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि यंत्र तर त्या रेषाच वाचते. म्हणजे ज्या हातांनी सर्वाधिक काम केले, त्यांचीच ओळख यंत्राला सर्वांत कमी पटते. केवळ ठशावर चालणारे कुलूप आम्ही त्याच क्षणी बाजूला ठेवले. आकड्यांची पाटी आणि खरी धातूची किल्ली, दोन्ही असलेले निवडले.

देखभालीचे शास्त्र तसे साधे आहे. कारखान्यातून आलेला मूळ संकेत पहिल्याच दिवशी बदलावा. चार पेन्सिल सेल अल्कलाइन घ्यावेत आणि चारही एकदम बदलावेत. पुन्हा चार्ज होणारे सेल वापरले तर ते संपत आल्याची सूचना अनेकदा फार उशिरा मिळते. पावसाळ्यात लाकडी दार फुगते, बोल्ट चौकटीच्या खाचेत अडतो, मोटर झटते आणि सेल लवकर संपतात. अशा वेळी दोष कुलपात शोधण्याऐवजी सुताराला बोलावून दाराला रंधा मारून घ्यावा. किल्लीच्या छिद्रात तेल सोडू नये, धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड चालते. आमच्या कुलपाला बाहेरून पॉवर बँक लावता येते, त्यामुळे सेल संपले तरी दार उघडते.

असो. ज्याची देखभाल कोणत्याही पुस्तिकेत नसते असा एक भाग उरतो. प्रत्येकाचा संकेत वेगळा असल्याने कोण किती वाजता आले, याची नोंद मोबाइलवर होते. जुनी किल्ली मुकी होती. मावशी पावणेअकराला आल्या की सव्वाअकराला, हे ती कोणाला सांगत नसे. आता ती माहिती न मागता आमच्या हाती येते, आणि हाती आलेली माहिती उद्या पगाराच्या हिशेबात शिरणार नाही, याची हमी आमच्याखेरीज कोण देणार?

आम्ही मावशींना ही नोंद दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, “ताई, तुम्ही कधी येता, तेपण लिहितं का हे?” लिहिते, असे आम्ही सांगितले आणि आमच्या वेळाही दाखवल्या. घरी परतण्याचे आमचे तास पाहून त्या हसल्या. त्यानंतर त्यांच्यासमोरच आम्ही मोबाइलवर येणाऱ्या सूचना बंद केल्या. जुनी नोंद मात्र कुलपात राहतेच. ती न उघडण्याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही.

अशा कुलपाचा आणखी एक नियम आहे: जादा किल्ली घराबाहेर ठेवावी, कारण घरात राहिलेली किल्ली बाहेर अडकलेल्याच्या उपयोगाची नसते. ती कोणाकडे ठेवायची, यावर आमच्या घरी चर्चा झाली नाही. आता ती मावशींच्या बटव्यात, जुन्या किल्लीच्या जागी आहे.