एका क्षेत्राचे दोन डोळे

डोळे दोन असतात ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे कारण विचारावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गर्भाच्या मस्तकाची घडण हाच ज्याच्या अभ्यासाचा विषय होऊन बसला आहे, अशा माझ्यासारख्याला याहून विलक्षण प्रश्न दुसरा दिसत नाही. पृष्ठवंशी प्राण्याच्या गर्भात आरंभी डोळ्यांची दोन स्थाने नसतातच. भावी मेंदूच्या अग्रभागी, मध्यरेषा ओलांडून आडवे पसरलेले एकच नेत्रक्षेत्र असते आणि त्या सबंध मुलखावर पॅक्स-6 या जनुकाचा अंमल चालू असतो. मग त्याच्या खालच्या थरातील पेशींच्या एका लहानशा चकतीतून सॉनिक हेजहॉग नावाचे प्रथिन वर झिरपू लागते, त्याच्या योगाने मध्यरेषेवरील पॅक्स-6 मालवते, आणि उरलेल्या दोन बाजूंना दोन डोळे उभे राहतात. दोन डोळ्यांची ही देणगी मुळात एका मनाईहुकुमाची आहे.

तीस-पस्तीस तास उबवलेले कोंबडीचे अंडे फोडावे, बलकावरील गर्भाची चकती कात्रीने अलगद कापून कोमट मिठाच्या पाण्यात पसरावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावी, म्हणजे मेंदूच्या टोकाशी दोन्ही अंगांस फुगून आलेली नेत्रपुटके काचेसारखी स्वच्छ दिसतात. खालच्या थरातील ती चकती वेळेआधी काढून टाकली, तर मात्र मधोमध एकच पुटक तयार होते.

हा प्रयोग निसर्गाने आपण होऊन केला तो अमेरिकेतील आयडाहोच्या डोंगरी कुरणांत. गेल्या शतकाच्या मध्यास तेथील मेंढ्यांना कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली, आणि तेथील कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनी चिकाटीने माग काढून व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही रानटी वनस्पती त्याच्या मुळाशी असल्याचे सिद्ध केले. मेंढीने गाभण राहिल्यापासून 14व्या दिवशी ती खाल्ली तरच हे व्यंग उद्भवे. या सबंध इतिहासात त्या चौदाव्या दिवसाइतका मोलाचा पुरावा मला दुसरा वाटत नाही. कारण हुकुमाला मुदत असते, आणि ती टळल्यावर तो हुकूम कितीही जोराने बजावला तरी व्यर्थ, हे त्यावरून लख्ख कळते. वनस्पतीतील सायक्लोपामाइन हे द्रव्य हेजहॉगचा संदेश पेशींना घेऊच देत नाही, हा उलगडा मात्र 1998 साली झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, हेजहॉगचे जनुक नाहीसे केलेल्या उंदरांच्या गर्भांतही मध्यवर्ती एकच डोळा आढळला होता.

अभावाने एक डोळा, तर अतिरेकाने काय? याचे उत्तर मेक्सिकोतील गुहांच्या अंधारात राहणाऱ्या ॲस्टियानॅक्स माशांनी दिले आहे. त्यांच्या गर्भात हेजहॉगचा पट्टा रुंद असतो. त्यामुळे नेत्रक्षेत्र आक्रसते, डोळा घडू लागतो पण त्याचे भिंग मरते, आणि अखेर तो त्वचेखाली गडप होतो. परंतु त्याच प्रथिनाच्या वाढीव पुरवठ्याने तोंडातील रुचिकलिका वाढतात, म्हणजे दृष्टीची खोट चवीच्या जमेस पडते. आंधळेपणाला केवळ ऱ्हास म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही.

मनुष्यात हेजहॉगच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तरी गर्भाचा पुढचा मेंदू दुभंगण्यात अडथळा येऊ शकतो. आणि तोच बिघाड एकाच कुटुंबात एकाला जीवघेणा, तर दुसऱ्याला जवळजवळ निरुपद्रवी ठरतो. म्हणून अशा बालकाची तपासणी चालू असता जाणता वैद्य आईवडिलांनाही तोंड उघडावयास सांगतो. वरच्या जबड्यात अगदी मधोमध, दोहोंऐवजी एकच पटाशीचा दात असेल, तर तो बिघाड त्यांच्याकडूनच आला असावा, असा संशय घेण्यास ती खूण पुरेशी होते.