बदामाची अठ्ठी

२०२४ सालची नरकचतुर्दशी आम्ही उभयतांनी लेकीकडे, अमेरिकेत न्यू जर्सीला काढली. त्या वर्षी ती नेमकी ३१ ऑक्टोबरला, गुरुवारी आली होती. पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, आणि आठाच्या सुमाराला आमची लेक पुढून-मागून पांढरा पुठ्ठा बांधून, पत्त्यांतली बदामाची अठ्ठी होऊन ऑफिसला निघाली. हातात चकल्यांचा डबा. सौ. म्हणाली, "अगं, निदान सणाच्या दिवशी तरी साडी नेसायचीस!" लेक हसून म्हणाली, "आई, साडी नेसायला लागू नये म्हणूनच तर ही अठ्ठी झालेय."

त्या वाक्याची ही हकिकत.

३१ ऑक्टोबर हा तिकडे हॅलोविनचा दिवस. मूळ हा आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा, सुगी संपल्यावरचा सण. पुढे तो १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती सर्वसंतदिनाची आदली रात्र म्हणून पाळला जाऊ लागला. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी समजूत. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने पोळलेले आयरिश लोक अमेरिकेत आले, ते हा सण घेऊनच. गावाकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. इकडे त्यांना भोपळा सापडला. आता पोरं सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात आणि मोठी माणसं ऑफिसात सोंगं घेतात. त्यातही एका विभागातल्या सगळ्यांनी मिळून एकच सोंग घ्यायचं, अशी चढाओढ असते.

लेकीच्या विभागात नऊ माणसं. महिनाभर आधीपासून खल चालू होता. रंगीत खडूंची पेटी हा सगळ्यांत सोपा बेत, एकेकाने एकेका रंगाचे कपडे घालायचे, डोक्यावर टोकदार टोपी. कुणी म्हणे बुद्धिबळाचा पट, कुणी म्हणे सूर्य आणि ग्रह, तर कुणी 'विझर्ड ऑफ ऑझ'मधली मंडळी. अटी मात्र व्यवहाराच्या: खर्च थोडा, तोंड झाकलेलं नको, आणि त्या वेशात खुर्चीवर बसून दिवसभर काम करता आलं पाहिजे.

एके दिवशी कुणीतरी सुचवलं, "आपण इंडियन वेडिंग करूया! एक नवरा, एक नवरी, बाकीचे वऱ्हाडी. साड्या हिच्याकडे आहेतच, हीच सगळ्यांना नेसवेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक गप्प राहिली.

रात्री जेवताना तिने ते सांगितलं. "बाबा, त्यांच्या मनात वाईट काही नाही खरं. पण मी साडी नेसून पूजेला बसते. ती त्यांनी सोंग म्हणून घातली, हसले, आणि संध्याकाळी काढून ठेवली. त्यांचं सोंग उतरलं. माझं काय उतरणार?" अशा गोष्टींवर तिकडे विचार झालेला आहे. २०११ साली ओहायओ विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी, कुणाची संस्कृती हा कुणाचा वेश नव्हे, असं सांगणारी भित्तिपत्रकंच काढली होती.

पण मी आपला जुन्या वळणाचा माणूस. बोलून गेलो, "एवढं काय मनाला लावून घेतीस? चेष्टा की ती."

आणि घास तोंडातच राहिला. हे वाक्य मी पूर्वी एकदा बोललो होतो, शब्दन् शब्द हेच.

१९८३ ची गोष्ट. आमच्या कचेरीत बैलहोंगलकडचे एक सहकारी होते. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणत असू. घरचे कन्नड, पण कचेरीत मराठी मंडळी जास्त, म्हणून आमच्याशी हौसेने मराठी बोलत. लिंगाची गडबड व्हायची. "चहा झाली, फाईल आला." त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही पाचजणांनी मिळून एक प्रहसन बसवलं. पाचही जण अप्पा. पाच पटके, पाच धोतरं, आणि तोंडी "साहेब आली, बाई गेला." लिहिलं होतं मी. सभागृह हसून लोळलं. अप्पाही हसले. दुसऱ्या दिवशीपासून ते आमच्याशी मराठीत बोलेनासे झाले. कामापुरतं इंग्रजी, तेवढंच. कुणीतरी विषय काढला तेव्हा मी म्हणालो होतो, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? चेष्टा की ती."

वाचकहो, पुण्याला गेलं की आपल्या "खरं" आणि "की ओ"ला लोक हसतात, आणि ते आपल्याला किती लागतं हे आपल्याला ठाऊक आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्या तारखेला आजही आपल्या गावात कुणी काळा सदरा घालतो, कुणी पिवळं-तांबडं उपरणं. अंगावरचं कापड म्हणजे नुसतं कापड नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी मी ते प्रहसन लिहिलं. वर माझं कन्नड अप्पांच्या मराठीपेक्षा पुष्कळ वाईट होतं.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तर मग सांगा, नऊजणांनी काय व्हावं?"

मी म्हणालो, "जे तुमच्यापैकी कुणीच नाही, ते व्हा. पत्ते व्हा. सगळे बदामाचे. आणि कोण कुठलं पान हे चिठ्ठ्या टाकून ठरवा." तिला पटलं. फक्त म्हणाली, "बाबा, राजा-राणी सांगेन, पण गुलामाचं भाषांतर करणार नाही हं. इथे त्या शब्दाचा इतिहास फार वाईट आहे. इंग्रजीत त्या पानाला जॅक म्हणतात, ते बरं." पन्नास वर्षं पत्ते कुटले, पण त्या पानाच्या नावाकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात साडीबद्दल मनातलं सांगितलं. ज्यांनी लग्नाची कल्पना काढली होती त्यांनीच आधी माफी मागितली. मग चिठ्ठ्या पडल्या. साहेबांना दुर्री आली. वर्षभरापूर्वी लागलेल्या मुलीला राजा. लेकीला अठ्ठी. दोन आठवड्यांपूर्वी तात्पुरत्या कामावर आलेल्या एका मुलाने मात्र चिठ्ठी न उचलता आपणहून जोकर मागून घेतला. रमी खेळणाऱ्याला सांगायला नको, अडलेला डाव तोच सोडवतो. बक्षीस खडूंच्या पेटीवाल्यांना गेलं. चकल्यांचा डबा मात्र दुपारच्या आत रिकामा झाला.

जानेवारीत आम्ही परतलो. एका रविवारी पत्ता काढून अप्पांच्या घरी गेलो. ते आता पंच्याऐंशीच्या घरात. मला ओळखायला थोडा वेळ लागला. येताना वाटेत घोकलेलं कन्नड मी कसंबसं बोललो, "अप्पा, तप्पायतु री." पुढचं वाक्य तर साफ चुकलं असणार, कारण दारात उभी असलेली त्यांची नात पदराआड हसली. अप्पांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती आत पळाली.

मग ते माझ्याकडे वळले. एक्केचाळीस वर्षांनी मी त्यांचं मराठी ऐकलं.

"बसा," ते म्हणाले. "चहा झालाय."